रंग शेवटी बघ : बिअर्डेड ड्रॅगन पाळणाऱ्या भाच्याला मावशीचे कानमंत्र

बाळा, तुला बिअर्डेड ड्रॅगन हवाय, आणि तोही मिश्र रंगाचा : हायपो, ट्रान्स, लेदरबॅक आणि वर लालसर छटा. विक्रेत्यांनी पाठवलेले फोटो तू मला दाखवलेस. सगळेच देखणे आहेत. तरी सांगते, फोटो बघून सरडा निवडू नकोस. बैलबाजारात शिंगं रंगवून, झूल पांघरून बैल उभे करतात. जाणता शेतकरी आधी खूर आणि दात बघतो. माझा मुख्य मंत्र एवढाच : विकत घेताना रंग सगळ्यात शेवटी बघायचा, आणि घरी आणल्यावर रोज सकाळी सगळ्यात आधी रंगच बघायचा. बाकीचं सगळं या दोन वाक्यांच्या पोटात आहे.

आधी जनावर ओळख

हा मूळचा मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला, शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. शेपटीसकट दीड ते दोन फूट भरतो आणि नीट सांभाळला तर १० ते १५ वर्षं जगतो. म्हणजे तुझं शिक्षण, पहिली नोकरी, कदाचित लग्नही तो बघणार. उद्या नोकरीसाठी पुण्याला किंवा बेंगळुरूला गेलास, तर त्याला कोण बघणार हे आज ठरव. घरातल्या निदान एका माणसाने मनापासून हो म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

त्याचे लांबचे भाऊबंद आपल्या दाराशीच आहेत. आपल्या म्हैसूरच्या चामुंडी टेकडीच्या कातळांवर ऊन खात बसणारा सरडा बघितलायस ना? विणीच्या दिवसांत त्या नराची पाठ लाल-केशरी होते आणि बाजू काळ्याभोर. दोघे एकाच कुळातले. पण आपले रानातले सरडे, घोरपड, शॅमेलिऑन, तारा कासव यांना रानातच बघायचं. त्यांना घरात कोंडणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणि उद्या नकोसा झाला म्हणून तुझा ऑस्ट्रेलियन पाहुणा चामुंडीवर किंवा कुक्करहळ्ळी तळ्याच्या काठावर सोडणंही तितकंच वाईट. तो स्वतः उपाशी किंवा गारठून मरेल, आणि त्याच्या अंगावरचे रोग इथल्या सरड्यांना देऊन जाईल.

पैशाआधी कागद माग

ऑस्ट्रेलिया आपले जिवंत देशी सरडे व्यापारासाठी देशाबाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे जगभरच्या घरांत असलेले बिअर्डेड ड्रॅगन पूर्वी बाहेर पडलेल्या थोड्या जनावरांपासून पिंजऱ्यात वाढवलेल्या पिढ्यांचे आहेत. वंश थोडक्यांतून वाढला की जवळच्या नात्यात जोड्या लागतात आणि पिलं अशक्त निघतात. म्हणून आई-बाप कोण, त्यांचं आपसात नातं आहे का, हे विचारण्यात संकोच करू नकोस.

आपल्याकडे दुसराही धोका आहे. परदेशातून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांतून चोरून आणलेले सरडे आणि साप विमानतळांवर वारंवार पकडले जातात. डब्यांत कोंबून, उपाशी आणलेलं जनावर स्वस्तात मिळतं आणि महिन्याभरात मरतं. म्हणून सरडा इथेच जन्मलेला आहे ना, विक्रेत्याकडे पावती आहे ना, आणि २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे त्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे ना, हे तपास. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीतले विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी नोंद करणं बंधनकारक झालं. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले आणि नोंदणी परिवेश पोर्टलवर होते. या याद्या बदलत असतात. म्हणून घ्यायच्या आधी अशोकपुरममधल्या अरण्य भवनात, म्हणजे वन खात्याच्या कचेरीत, जाऊन त्या दिवशीची स्थिती विचार. विक्रेता सांगतो म्हणून विश्वास ठेवू नकोस.

मॉर्फची नावं पाठ कर, मग भाव कर

मॉर्फ म्हणजे रंगाचा किंवा खवल्यांचा आनुवंशिक प्रकार. हायपोमध्ये काळं रंगद्रव्य कमी असतं. तो ओळखायचा नखांवरून : सगळी नखं आरपार स्वच्छ दिसली पाहिजेत, त्यात काळी रेघ नको. ट्रान्सचं कातडं थोडं पारदर्शक. पिलांचे डोळे सबंध काळे आणि पोट निळसर दिसतं. झिरो आणि विटब्लिट्स यांच्या पाठीवर नक्षीच नसते. डनरचे खवले वेगवेगळ्या दिशांना वळलेले असतात आणि नक्षीत पट्ट्यांऐवजी ठिपके येतात. लेदरबॅकच्या पाठीचे खवले बारीक, काटे जवळजवळ नाहीतच, त्यामुळे रंग उठून दिसतो. म्हणूनच त्याला मागणी फार.

आता वंशाचं गणित नीट ऐक, कारण इथेच माणसं फसतात. हायपो, ट्रान्स, झिरो, विटब्लिट्स हे गुण लपून राहणारे आहेत. आई आणि बाप दोघांकडून तो गुण मिळाला तरच पिलात दिसतो. एकाकडूनच मिळाला तर पिल्लू साधंच दिसतं, पण गुण पोटात बाळगून असतं. त्याला व्यवहारात ‘हेट’ म्हणतात. दोन हेट हायपोंची जोडी लावली तर सरासरी चारात एक पिल्लू हायपो निघतं, दोन हेट निघतात आणि एक अगदी साधं. यातली साधी दिसणारी तीन पिलं डोळ्यांनी वेगळी काढता येत नाहीत. तिघांतली दोन हेट असतात, म्हणून विक्रेते त्यांना ‘६६ टक्के हेट’ म्हणून विकतात. ती टक्केवारी म्हणजे शक्यता आहे, हमी नव्हे. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नकोस. मिश्र गुणांचं गणित तर आणखी ताणलं जातं : आई-बाप दोघेही हायपो आणि ट्रान्स या दोन्ही गुणांचे हेट असतील, तर सोळा पिलांत सरासरी एकच हायपो-ट्रान्स निघतं. एका विणीत १५ ते ३० अंडी धर, म्हणजे असं पिल्लू महाग का असतं आणि स्वस्तात मिळालं तर शंका का घ्यायची, हे तुझं तुलाच कळेल.

लेदरबॅकचा नियम वेगळा. एकाच पालकाकडून गुण आला तरी पिल्लू लेदरबॅक दिसतं. दोघांकडून आला तर मात्र सिल्कबॅक होतं : अंगावर खवलेच नाहीत, निव्वळ मऊ कातडी. दिसायला रेशमी, जगायला कठीण. ती कातडी सुकते, फाटते, दिव्याने भाजते, कात अडकून बोटं आणि शेपटीचं टोक गमावतं. सिल्कबॅक कुणी फुकट दिला तरी घेऊ नकोस, आणि दोन लेदरबॅकांची जोडी कधीच लावू नकोस. माणसाच्या हौसेपायी जन्मभर दुखणारं अंग घेऊन कुणी जन्माला यावं, हे मला मान्य नाही.

लाल, केशरी, लिंबासारखा पिवळा हे रंग एका गुणावर ठरत नाहीत. अनेक गुण पिढ्यान्‌पिढ्या निवडून ते गडद केलेले असतात. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा बहुधा मातकटच असतं आणि खरा रंग सहा महिने ते वर्षात उतरतो. म्हणून दोन महिन्यांचं पिल्लू ‘रक्तासारखं लाल होणार’ असं कुणी म्हणालं, तर आई-बापाला दिवसाच्या उजेडात, समोरासमोर बघ. तांबड्या दिव्याखाली प्रत्येक सरडा लाल दिसतो.

हातात घे, तेव्हा हे बघ

पिल्लू किमान सहा आठवड्यांचं, शक्यतो दोन-तीन महिन्यांचं हवं. डोळे उघडे, टपोरे, तुझ्या बोटाच्या हालचालीवर फिरणारे हवेत. जबडा टणक हवा. मऊ किंवा वाकडा जबडा म्हणजे हाडांना कॅल्शियम नाही. चालताना पोट जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे, पाय थरथरता कामा नयेत. शेपटीच्या मुळाशी मांस भरलेलं हवं, कमरेची हाडं वर आलेली नकोत. बोटं आणि शेपटीचं टोक मोजून घे. गर्दीत ठेवलेली पिलं एकमेकांना चावतात आणि याची तुटलेली शेपटी पालीसारखी परत येत नाही. गुदद्वार कोरडं आणि स्वच्छ हवं. मान मागे टाकून आकाशाकडे बघत राहणारं किंवा डोकं हलवत गोल फिरणारं पिल्लू मज्जासंस्थेच्या आजाराचं असू शकतं. ते ठेव तिथेच.

मग विक्रेत्याला म्हण, माझ्यासमोर खायला घाला. निरोगी पिल्लू किड्यावर झडप घालतं. हे सगळं पाहून झालं की मग रंग बघ. दोन पिलं सारखीच सुदृढ असतील, तर खुशाल जास्त देखणं उचल.

घरी आधी दुसरा सरडा असेल, तर नव्याला किमान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेव, त्याची भांडी वेगळी आणि हात धुतल्याशिवाय इकडून तिकडे जायचं नाही. ॲडिनोव्हायरस हा या जातीचा मोठा शत्रू आहे. त्याच्यावर औषध नाही, आणि बाहेरून धडधाकट दिसणारं जनावरही तो पसरवू शकतं. डॉक्टरांकडून त्याची चाचणी करून घे, विष्ठेत कॉक्सिडिया आणि जंत तपासून घे. सरपटणाऱ्या प्राण्यांचं जाणणारा डॉक्टर सरडा आणायच्या आधी शोधून ठेव, बेंगळुरूपर्यंत जावं लागलं तरी.

म्हैसूरची हवा चांगली, पण ती माणसांसाठी

आपलं शहर साडेसातशे मीटरहून उंचावर. उन्हाळ्यात पारा पस्तिशीच्या आसपास, हिवाळ्याच्या रात्री पंधरा-सोळापर्यंत. आपल्याला सुखाचं आहे. वाळवंटी सरड्याला मात्र याहून जास्त ऊब आणि कोरडेपणा लागतो.

मोठ्या सरड्यासाठी पेटी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. आपले सुतार प्लायवूडची उत्तम करून देतात. दार समोरून उघडणारं हवं, कारण वरून येणारा हात त्याला ससाण्यासारखा वाटतो. एका टोकाला ऊन खायची जागा : तिथे पृष्ठभागाचं तापमान ३८ ते ४२ अंश. दुसरं टोक २४ ते २८. रात्री २० च्या आसपास चालतं. १८ च्या खाली जाऊ लागलं तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर लाव. दोन्ही टोकांना डिजिटल तापमापक बसव आणि दिव्याला थर्मोस्टॅट. अंदाजाने काम करू नकोस. दिव्याखाली कडप्प्याचा तुकडा ठेव. तो ऊब धरतो, पुसायला सोपा, आणि त्यावर नखंही झिजतात. पिलांच्या पेटीत वाळू नको. खाताना पोटात जाऊन आतडं तुंबतं. साधा कागद पुरतो.

अतिनील प्रकाशाची ट्यूब ही ऐष नाही, ते त्याचं अन्न आहे. या प्रकाशातल्या यूव्हीबीशिवाय त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही आणि हाडं रबरासारखी होतात. पेटीच्या अर्ध्याहून जास्त लांबीची टी-फाइव्ह ट्यूब घे, डब्यावर लिहिलेलं अंतर पाळ, आणि वर्ष झालं की बदल. ट्यूब पेटलेली दिसते, पण तिचा यूव्हीबी त्याआधीच ओसरलेला असतो. हायपो आणि ट्रान्स अशा फिक्या अंगाच्या सरड्यांच्या कातडीत काळं रंगद्रव्य कमी, म्हणून त्यांना सावलीची सोय जास्त ठेव आणि ट्यूब फार जवळ आणू नकोस.

सकाळचं ऊन मात्र कुठल्याही ट्यूबपेक्षा सरस. गच्चीवर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागात सावली करून, पंधरा-वीस मिनिटं. काचेच्या टाकीत कधीही उन्हात ठेवू नकोस : काच यूव्हीबी अडवते आणि आतलं जनावर काही मिनिटांत भाजून निघतं. घारी, कावळे, मांजरं आहेत, तेव्हा तिथून हलायचं नाही.

जून ते ऑक्टोबर हवा दमट असते. पेटीतला ओलावा ३० ते ४० टक्क्यांच्या घरात ठेवायचा प्रयत्न कर : हवा खेळायला जाळ्या मोठ्या, पाण्याचं भांडं लहान आणि थंड टोकाला. तोंड उघडं ठेवून, घरघर करत श्वास घेत असेल, नाकाशी बुडबुडे दिसत असतील, तर घरगुती उपाय न करता डॉक्टर गाठ.

पान आपल्या देवराज मार्केटचं, अळी आपल्या रेशमाची

पिलाला दिवसातून दोन-तीनदा किडे आणि सोबत बारीक चिरलेला पाला. वर्ष उलटलं की उलटं करायचं : ताटातला तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग पाला-भाजी, किडे आठवड्यातून दोन-तीनदा. मोठा सरडा किड्यांवरच ठेवला तर चरबी चढून यकृत बिघडतं. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको.

देवराज मार्केटमध्ये त्याच्या कामाचं सगळं मिळतं : शेवग्याचा पाला, हादग्याचा पाला, लाल भोपळा, जास्वंदीची फुलं. तुतीचं कोवळं पान तर फारच छान. पालक, चुका, राजगिरा यांत ऑक्झॅलेट जास्त, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून क्वचित. ॲव्होकाडो, कांदा, लसूण अजिबात नको. सगळं दोन-तीन पाण्यांतून धू, कारण फवारणी कुठे आणि कधी झाली हे भाजीवालीलाही माहीत नसतं.

आणि आपलं शहर ज्यासाठी नावाजलंय, ती रेशमाची अळी. मऊ, रसदार, चरबी कमी, पचायला हलकी. आजारातून उठलेल्या सरड्यालाही चालते. म्हैसूरमध्ये १९६१ पासून केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि आजूबाजूच्या गावांत तुती लावणारे, कीटक पाळणारे शेतकरी आहेत. ओळख काढून त्यांच्याकडून थोड्या अळ्या विकत घेता येतात. पण दोन गोष्टी विचार : तुतीवर फवारणी कधी झाली, आणि अळ्यांवर जंतुनाशक भुकटी कधी टाकली. कात टाकल्यानंतर ती भुकटी टाकायची रीतच आहे. म्हणून आणलेल्या अळ्या दोन-तीन दिवस स्वच्छ पानांवर ठेव आणि मग खायला घाल. शेतकऱ्याने आजारी म्हणून बाजूला काढलेल्या अळ्या फुकट मिळाल्या तरी नको.

रोजच्यासाठी रातकिडे किंवा डुबिया झुरळं. त्यांना आधी दिवसभर चांगला पाला खायला घाल, मग कॅल्शियमची पूड भुरभुरव : पिलाला जवळजवळ रोज, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा. बागेत पकडलेले किडे देऊ नकोस. आणि पावसाच्या तोंडावर काजवे चमकू लागले की खिडक्या बंद ठेव. एक काजवा पोटात गेला तरी बिअर्डेड ड्रॅगन मरतो, इतकं त्याचं विष जहाल असतं.

आता रोज सकाळी आधी रंग बघ

पहाटे तो गडद दिसेल, कारण गडद अंग लवकर तापतं. ऊब मिळाली की तासा-दोन तासांत उजळायला हवा. दुपारपर्यंत काळवंडलेलाच राहिला, तर आधी दिव्याखालचं तापमान मोज. ते बरोबर असेल, तर त्याला काहीतरी दुखतंय किंवा खुपतंय. दाढी काळी करून फुगवणं हे राग किंवा भीती दाखवतं. एकटा असताना, काही कारण नसताना ती तासन्‌तास काळी राहिली तर ते आजारपण समज. पोटावर काळसर लंबगोल खुणा उठल्या तर पिल्लू ताणाखाली आहे : हाताळणं कमी कर, समोरचा आरसा किंवा दुसरा सरडा दिसत असेल तर आड कर. अंगभर राखाडी, निस्तेज झाला तर बहुधा कात टाकणार आहे. ओढून काढू नकोस, कोमट पाण्यात उभा कर.

पिवळा रंग फार जपून वाच. पिवळ्या वंशाच्या सरड्याचं पिवळेपण अंगभर सारखं आणि खवल्यांत मुरलेलं असतं. एकाच जागी पिवळट-तपकिरी, खरखरीत, पापुद्रे सुटणारा डाग उठला आणि पसरू लागला, तर ती नॅनिझिओप्सिस बुरशी असू शकते. ती कातडीतून आत शिरते, दुसऱ्या सरड्याला लागते आणि जीव घेते. नवा रंग उतरतोय असं समजून माणसं आठवडे घालवतात. तू त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

डिसेंबर-जानेवारीत मोठा सरडा खाणं कमी करून झोपाळू होतो. ते स्वाभाविक असतं, पण आधी विष्ठा तपासून घे आणि दर आठवड्याला वजन कर. झोपेत वजन फारसं उतरत नाही. भराभर उतरलं तर तो झोपलेला नाही, आजारी आहे.

एका पेटीत एकच

दोघं एकमेकांच्या अंगावर बसलेले दिसले की लोक म्हणतात, किती प्रेम! वरचा खालच्याचं ऊन आणि यूव्हीबी हिरावून घेत असतो. नर नराला फाडतो, नर मादीला दमवतो. म्हणून एकाला एक पेटी. मादी असेल तर नराशिवायही ती अंडी घालू शकते, तेव्हा उकरायला ओलसर मातीची खोल कुंडी दे. जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात. सरड्याला हात लावल्यावर साबणाने हात धू, त्याच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतो. त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, आणि पाच वर्षांखालच्या पोरांच्या हातात द्यायचा नाही.

वही खरी ठेव

पुढे कधी जोडी लावावीशी वाटली, तर आधी तीस पिलांची तीस घरं डोळ्यांसमोर आण. ती नसतील तर थांब. असतील तर अंडी २८ ते ३० अंशांत उबव. ३२ च्या वर गेलं की वंशाने नर असलेलं पिल्लू मादी म्हणून जन्माला येऊ शकतं. निसर्गातही असं घडतं, हे कॅनबेरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं. आपल्या एप्रिलच्या खोलीत पारा सहज तिथे पोचतो, म्हणून इन्क्युबेटरला थंड जागा दे.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेव : तारीख, वजन, खाणं, कात, औषध, ट्यूब कधी बदलली, आणि आई-बापाची जी माहिती मिळाली ती जशीच्या तशी. जे माहीत नाही तिथे ‘माहीत नाही’ असंच लिही. आज तू विक्रेत्याकडून जो खरा वंश मागतोयस, तोच उद्या तुझ्याकडून पिल्लू नेणारा मागणार आहे. त्याला रंगाचं वर्णन करून सांगू नकोस, वहीची प्रत हातात दे.